लग्नाचा चित्रपट आणि खुर्च्यांची रांग



व्याख्यानमालेत चित्रपटाचा विषय, आणि त्यातही लग्नाच्या चित्रपटाचा, हे पाहून काहींना वाटले असेल की आजची संध्याकाळ गमतीत जाणार. गमतीला आमची ना नाही. पण ही वेळच लग्नसराईची आहे. द्राक्षाचा हंगाम आटोपला, उन्हाळ कांदा चाळीत पडला की गोदाकाठच्या घरोघरी याद्या होतात, बस्ते बांधले जातात, आणि रस्त्यात वरात आडवी आली नाही असा प्रवास होत नाही. ज्या घरात मुलगी उपवर आहे त्या घरात या दिवसांत दुसरे बोलणे नसते. अशा वेळी लग्नावर चित्रपट काढणाऱ्यांनी आपल्या घराकडे कसे पाहिले आणि त्यांना तेथे काय दिसले, हे विचारण्यात थोडा अर्थ आहे, असे आम्हांस वाटते.

लग्नाचे चित्रपट दोन जातींचे असतात. पहिल्या जातीचा चित्रपट मांडवात सुरू होतो आणि मांडवातच संपतो. १९९४ साली आलेला 'हम आपके हैं कौन' आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलाच असेल. चौदा गाणी, जोडे लपविणे, थट्टामस्करी, भरलेले घर. लोकांनी तो डोक्यावर घेतला, आणि पुढे एक नवलाची गोष्ट घडली. चित्रपटाने लग्नाची नक्कल करावी, त्याऐवजी लग्नेच चित्रपटाची नक्कल करू लागली. आपल्याकडे पूर्वी हळद होती, देवक होते, रुखवत होते. 'संगीत' नावाचा वेगळा समारंभ नव्हता. आता तो आला आहे. लग्नाआधी नवरानवरीला नदीकाठी नेऊन गाण्यावर त्यांची छायाचित्रे काढण्याचीही रीत पडली आहे. याला आम्ही पाप म्हणत नाही. हौसेला मोल नसते. मात्र त्या हौसेचे पैसे कोठून आले, हे पहिल्या जातीचा चित्रपट कधी सांगत नाही.

दुसऱ्या जातीचा चित्रपट मांडवाच्या आधी सुरू होतो. आपल्या जुन्या माणसांनी 'घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून' अशी म्हण केली. त्यांनी लग्नाला सणाशेजारी न बसविता घराच्या बांधकामाशेजारी बसविले, यातच सारे आले. दोन्हींत माणूस कर्जात बुडतो आणि दोन्हींत त्याला खरी माणसे कळतात. दुसऱ्या जातीचा चित्रपट हा त्या म्हणीचा चित्रपट आहे. त्याविषयीच आज बोलावयाचे आहे.

आपल्या जिल्ह्याला या विषयावर बोलण्याचा थोडा अधिकारही आहे. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके १८७० साली त्र्यंबकेश्वरी जन्मले आणि १९४४ साली नाशकात वारले. त्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीचे काम साळुंके नावाच्या पुरुषाने केले. पडद्यावर उभी राहावयास बाईच मिळेना! घरातल्या बाईचे दुःख सांगावयाचे, पण सांगावयास बाई नाही, ही आपल्या कलेची पहिली अडचण होती. ती ध्यानात ठेवून पुढे चलावे.

चित्रपटाच्याही आधी ही गोष्ट रंगभूमीने सांगितली. गोविंद बल्लाळ देवलांचे 'शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आले. म्हातारा भुजंगनाथ, पैशासाठी पोटची पोर त्याला देणारा कांचनभट, आणि सोयरीक जुळविणारा भद्रेश्वर दीक्षित. ही मंडळी आपल्या इतकी ओळखीची झाली की पुढे कित्येक वर्षे गावातल्या थेरड्या नवरदेवाला लोक भुजंगनाथच म्हणत. नाटकाचा परिणाम मोठा झाला. १९२९ साली बालविवाहाला आळा घालणारा कायदा झाला. तो हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जातो, पण 'शारदा कायदा' म्हटले की मराठी माणसाला देवलांची शारदाच आठवे. त्या कायद्याने मुलीचे वय चौदा ठरविले. १९७८ साली ते अठरा झाले.

पण 'शारदा' पुन्हा एकदा काळजीपूर्वक वाचा. ते लग्न मोडते कशाने? मुलगी 'नको' म्हणाली म्हणून नव्हे. वधूवर सगोत्र निघतात म्हणून! मुलीच्या रडण्याने जे होत नाही ते गोत्राने होते. देवलांना दोष देण्यासाठी आम्ही हे म्हणत नाही. ते आपल्या प्रेक्षकांना पुरते ओळखून होते. त्या काळच्या सभागृहाला मुलीचे मन हे कारण पुरेसे वाटले नसते, शास्त्र हे कारण पुरले. आणि ती शारदाही रंगभूमीवर मुलगाच होई. लुगडे नेसलेल्या मुलाच्या तोंडून महाराष्ट्राने आपल्या लेकीचे दुःख प्रथम ऐकले.

त्यानंतर अडतीस वर्षांनी पुण्याच्या प्रभात कंपनीने 'कुंकू' काढला. साल १९३७, दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कादंबरी ना. ह. आपटे यांची 'न पटणारी गोष्ट'. हिंदीत तो 'दुनिया ना माने' या नावाने निघाला. गोष्ट वरवर 'शारदे'चीच. आईबाप नसलेल्या नीरेला तिचा मामा एका म्हाताऱ्या बिजवराच्या गळ्यात बांधतो. फरक एवढाच की येथे लग्न मोडत नाही, ते लागते, आणि खरी गोष्ट त्यानंतर सुरू होते. नीरा त्या घरात राहते, पण त्या माणसाला नवरा म्हणून मानत नाही. ती आरडाओरड करीत नाही, पळूनही जात नाही. ती फक्त 'नाही' म्हणते आणि त्या शब्दाला चिकटून राहते. शांता आपटे यांनी नीरा उभी केली, स्वतःच्या गळ्याने तिची गाणी गायिली. केशवराव दाते यांनी तो वृद्ध काकासाहेब असा वठविला की त्याचा राग येता येता कीवही यावी.

या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. जे ऐकू येते ते घरातले. भिंतीवरच्या घड्याळाचे ठोके, दाराची कडी, माणसांची पावले. दुःखाच्या प्रसंगी सारंगी वाजली की प्रेक्षकाला रडण्याची परवानगी मिळते आणि तो हलका होऊन घरी जातो. 'कुंकू'त ती सोय नाही. नीरेचे दुःख आपणांस घड्याळाच्या टिकटिकीत बसून सोसावे लागते. काकासाहेब आरशात पाहतो, आरसा फुटतो, आणि फुटक्या तुकड्यांतून त्याचीच अनेक तोंडे त्याला हसू लागतात. अखेर तो म्हाताराच स्वतःचे आयुष्य संपवून तिला मोकळी करतो. म्हणजे १८९९ साली मुलीची सुटका गोत्राने केली, १९३७ साली ती म्हाताऱ्याच्या पश्चात्तापाने केली. मधल्या काळात मुलीला 'नाही' म्हणण्याचे बळ आले, हे मोठेच पाऊल. तरी सुटकेची किल्ली अजून दुसऱ्याच्या कमरेला होती.

आता थेट आपल्या काळात येऊ. ७ मार्च २०२५ रोजी 'स्थळ' हा चित्रपट महाराष्ट्रात लागला. दिग्दर्शक जयंत दिगंबर सोमलकर. त्यापूर्वी २०२३ साली टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅकचा पुरस्कार मिळाला होता. कथा विदर्भातल्या डोंगरगावची. कापूस पिकविणारा शेतकरी बाप, आणि त्याची कॉलेजात शिकणारी मुलगी सविता. तिला शिकावयाचे आहे, स्पर्धा परीक्षा द्यावयाची आहे. घराला तिचे लग्न उरकावयाचे आहे. नंदिनी चिकटे या मुलीने सविता उभी केली आणि भोवतालची माणसे पुष्कळशी गावातलीच, कधी अभिनय न केलेली. साळुंक्यांच्या तारामतीपासून निघालेली वाट अशी गावच्या खऱ्या लेकीपर्यंत येऊन पोहोचली.

या चित्रपटात काय आहे? पाहुणे येतात. खुर्च्यांवर पुरुष मंडळी रांगेने बसतात. पोहे येतात. मुलगी येते, समोर बसक्या आसनावर बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, आवड कशाची? तीच उत्तरे, त्याच स्वरात. पाहुणे जातात, निरोप येतो: रंग सावळा आहे, उंची बेताची आहे. पुन्हा दुसरे पाहुणे, पुन्हा तेच पोहे, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शक हा प्रसंग एकदा दाखवून थांबत नाही, पुन्हा पुन्हा दाखवितो. पहिल्या खेपेला प्रेक्षक हसतात. तिसऱ्या खेपेला हसू कमी होते. पुढच्या खेपेला सभागृह गप्प होते, कारण त्या खुर्च्यांपैकी एखादीवर आपणही कधी बसलो होतो, हे प्रत्येकाला आठवू लागते. चित्रपटाच्या आरंभी मात्र एक स्वप्न आहे. त्यात बायका खुर्च्यांवर बसल्या आहेत आणि मुलगा समोर बसून उत्तरे देत आहे. तेवढे पाहून लोक मनमुराद हसतात. एकच रीत, पण मुलगा खाली बसला की विनोद होतो आणि मुलगी बसली की रिवाज, यापलीकडे दिग्दर्शकाने वेगळे भाष्य करण्याची गरजच ठेवली नाही. शेवट आम्ही सांगत नाही. ज्यांनी पाहिला नसेल त्यांनी पाहावा, आणि शक्यतो घरातल्या मुलीला शेजारी बसवून पाहावा.

बंधूंनो, या तीन कलाकृती एका ओळीत ठेवल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट दिसते. 'शारदे'त दुष्ट कोण हे बोट दाखवून सांगता येते: भुजंगनाथ आणि कांचनभट. 'कुंकू'त दुष्टाला पश्चात्ताप होतो, म्हणजे तो अर्धा माणूस होतो. 'स्थळा'त दुष्ट मनुष्यच उरत नाही. नवरा म्हातारा नाही. बापाला मुलगी विकावयाची नाही, उलट त्याचाच जीव तिच्या काळजीने पोखरला आहे. पाहुणे तुमच्याआमच्यासारखे, रामराम करून येणारे आणि पाणी पिऊन जाणारे. मग त्या मुलीच्या वाट्याला हे येते ते कोणामुळे? उत्तर एकच उरते: खुर्च्यांच्या रांगेमुळे. आणि ती रांग कोणा एकाची नसते. म्हाताऱ्या नवरदेवाविरुद्ध कायदा करता येतो, खुर्च्यांच्या रांगेविरुद्ध कोणता कायदा करणार? १९६१ साली हुंडाबंदीचा कायदा झाला. हुंड्याने आपले नाव तेवढे बदलले. कोठे तो मानपान झाला, कोठे गाडी, कोठे 'तुमच्या मुलीच्या हौसेसाठी काय ते द्या'.

कोणी म्हणेल, ही विदर्भाची गोष्ट, कापसाच्या मुलखातली; आपला मुलूख बागायती. तर थोडा हिशेब करून पाहू. 'स्थळा'त बापाच्या मानेवर कापसाच्या भावाचे ओझे आहे. आपल्या निफाड तालुक्यात कापसाच्या जागी कांदा घाला. केंद्र सरकारने ८ डिसेंबर २०२३ पासून कांद्याची निर्यात बंद केली आणि ती ४ मे २०२४ ला उठविली. हे पाच महिने कोणते? सुपारी फुटण्यापासून अक्षता पडण्यापर्यंतचे. लिलावात भाव पडला की त्याची झळ केवळ व्यापाऱ्याच्या वहीत दिसत नाही. कोणाच्या तरी लेकीची तिथी पुढे जाते, कोणाचा बस्ता अर्धा होतो, कोणी एकर दोन एकरांवर कर्ज काढतो आणि मांडवात मात्र हसऱ्या तोंडाने उभा राहतो. लग्न ही दोन जिवांची गाठ असे आपण म्हणतो. शेतकऱ्याच्या घरी ती तीन गोष्टींची गाठ असते: दोन जीव आणि एक बाजारभाव.

आणि आता तर चक्र उलटेही फिरू लागले आहे. शेतकऱ्याच्या मुलाला मुलगी मिळत नाही, ही तक्रार आज गावोगावी ऐकू येते. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अविवाहित तरुणांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून मोर्चा काढला. वर्तमानपत्रे वाचून लोक हसले. आम्हांला हसू आले नाही. काही घरांनी मुली जन्मूच दिल्या नाहीत, आणि शेतीचा भरवसा उरला नाही, ही दोन्ही कारणे त्या घोड्यांच्या मागे चालत होती. आज मुलालाच विचारतात: शेती किती, नोकरी आहे का, शहरात घर आहे का? 'स्थळा'तले स्वप्न खरे झाले असे कोणास वाटेल. पण नीट पाहा, हे प्रश्न विचारतो कोण? मुलीचा बाप, मुलीचा मामा. खाली बसणारा बदलला, खुर्चीवरचे तेच राहिले. मुलगी अजून आतल्या दाराशीच उभी आहे.

येथे आम्ही एका मोठ्या माणसाची आठवण काढणार आहो, आणि ती आदर राखूनच काढणार आहो. वसंत व्याख्यानमालेची परंपरा पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी घातली. त्या परंपरेच्या सावलीतच आपण येथे जमलो आहोत. आणि रानडे जन्मले १८४२ साली आपल्या तालुक्याच्या गावी, निफाडास. विधवाविवाहाचा त्यांनी जाहीर पुरस्कार केला. १८७३ साली त्यांची पहिली पत्नी वारली. आता रानडे विधवेशीच विवाह करतील, असे मित्रांना वाटले. त्यांच्या वडिलांना ते नको होते. आणि बत्तिशीत पोहोचलेल्या रानड्यांचा विवाह अकरा वर्षांच्या मुलीशी झाला. तीच पुढे रमाबाई रानडे. रानड्यांनी तिला घरी शिकविले. तिने पुढे पुण्यात सेवासदन नावारूपास आणले आणि १९१० साली आपल्या आठवणीही लिहिल्या. शेवट गोड झाला खरा. पण ज्या माणसापुढे सरकार वचकून असे, तो माणूस आपल्या बैठकीच्या खोलीत वडिलांपुढे 'नाही' म्हणू शकला नाही. यावरून त्यांना लहान ठरवू नका. यावरून त्या खोलीचे वजन किती, ते ठरवा.

त्याच १८७३ सालच्या डिसेंबरात पुण्यात जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाच्या पद्धतीने पहिला विवाह लागला. पुढे १८८७ साली फुल्यांनी विवाहविधीचे जे पुस्तक काढले, त्यात मंगलाष्टके वधूवरांच्या तोंडी दिली आहेत. वर बोलतो आणि वधूही बोलते, आपला हक्क मागते, आणि वराला तसे वचन द्यावे लागते. देवलांच्या शारदेच्या बारा वर्षे आधी, 'कुंकू'च्या नीरेच्या पन्नास वर्षे आधी, बहुजनांच्या मांडवात नवरीला शब्द मिळाला होता! कलेला जे पुढे सुचले ते एका माणसाने रीत म्हणून लिहून ठेवले होते. तेव्हा 'आपल्यात असे नसते' हे म्हणणे खरे नाही. आपल्यात असे होते. आपण ते बाजूला ठेवले.

आता अखेरचा चित्रपट, आणि हा आपल्या मुलखाबाहेरचा. मीरा नायर यांच्या 'मॉन्सून वेडिंग'ला २००१ साली व्हेनिसच्या महोत्सवात सर्वोच्च सन्मान, सुवर्णसिंह, मिळाला. दिल्लीतले पंजाबी कुटुंब, देशोदेशींहून आलेले नातेवाईक, पावसाळ्याचे दिवस. वरवर पाहता हा पहिल्या जातीचा चित्रपट वाटतो: गाणी आहेत, मांडव आहे, झेंडूची फुले आहेत. पण ऐन लग्नात घरातली एक मुलगी सांगते की ज्या वडीलधाऱ्या नातेवाइकाच्या पैशांवर घर उभे आहे, त्यानेच लहानपणी तिच्या अंगाला हात लावला होता. नसीरुद्दीन शाह यांनी उभा केलेला तो यजमान, वधूचा बाप, काय करील? सारे पाहुणे घरात. उपकारकर्ता समोर. गप्प बसावे, मांडव निभावून न्यावा, पुढचे पुढे पाहावे, हा सल्ला शंभरातले नव्वद लोक देतील. एक रात्र तो तळमळतो. आणि मग त्या उपकारकर्त्याला हात जोडून घराबाहेर जाण्यास सांगतो.

पुढे काय होते, ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. लग्न मोडत नाही. पाऊस येतो, लोक भिजतात, नाचतात, अक्षता पडतात. खुर्चीवरून एक माणूस उठला म्हणून मांडव कोसळला नाही. 'लोक काय म्हणतील' या भीतीने आपण पिढ्यान्‌पिढ्या जे सोसतो आणि मुलींना सोसावयास लावतो, त्या भीतीला या चित्रपटाने दिलेले हे उत्तर आहे. लोक थोडा वेळ कुजबुजतात, आणि मग जेवावयास बसतात.

तेव्हा आमचे म्हणणे लांबलचक नाही. मोठी सुधारणा करा असे सांगावयास आम्ही आलो नाही. ती सांगणारे आमच्याहून मोठे लोक होऊन गेले. लग्न थाटाने करू नका असेही आम्ही म्हणत नाही. ज्याच्या त्याच्या ऐपतीचा तो प्रश्न आहे. आमची मागणी फार लहान आहे. या लग्नसराईत ज्यांच्या घरी पाहुणे यावयाचे आहेत, त्यांनी मुलीला आदल्या रात्री एकटीला बसवून विचारावे: बाई, तुझ्या मनात काय आहे? आणि ती 'नाही' म्हणाली तर ते उत्तर पुरेसे मानावे. गोत्राची, पत्रिकेची, उंचीची सबब शोधीत बसू नये. जे पाहुणे म्हणून जाणार आहेत, त्यांनी एवढेच करावे की मुलीला आपल्यासारखीच खुर्ची द्यावयास सांगावे, आणि आपण चार प्रश्न विचारले तर तिलाही चार विचारू द्यावेत. आणि जे बाप आहेत, त्यांनी या वर्षीच्या भावाचा हिशेब बायको-मुलांपुढे मोकळेपणी मांडावा. घरच्यांपासून लपविलेले कर्ज मुलीच्या पाठवणीबरोबर जात नाही, ते मागे राहते.

चांगला चित्रपट आपल्याला दुसऱ्याचे घर दाखविता दाखविता आपलेच घर दाखवितो. तिकिटाचे पैसे देऊन आपण पडद्यावरच्या मुलीसाठी हळहळतो. तेवढीच हळहळ, तिकीट न काढता, आतल्या दाराशी उभ्या असलेल्या आपल्या मुलीसाठी वाटली, तर या विषयाला दिलेली ही संध्याकाळ सार्थकी लागली असे आम्ही समजू.